कुणीच मंजूर न केलेली घटनादुरुस्ती

भांडुपला आमच्या सोसायटीचा नोटीस बोर्ड जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांशेजारी आहे. टाकी धुण्याची तारीख, गणपतीची वर्गणी, मेंटेनन्स थकवलेल्यांची यादी, असंच काहीबाही त्यावर लागतं. २०१४ साली तिथे सर्वसाधारण सभेची नोटीस लागली आणि तिच्यातला चौथा विषय होता, ९७ व्या घटनादुरुस्तीला अनुसरून सुधारित उपविधी स्वीकारणे. मी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून ती ओळ परत वाचली. घटनादुरुस्ती म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे संसद यायची, आणीबाणी यायची, सर्वोच्च न्यायालय यायचं. ती आमच्या मीटरच्या पेट्यांपर्यंत येईल असं कधी वाटलं नव्हतं.

सभा पार्किंगमध्ये भरली. सेक्रेटरी काकांनी उपविधी वाचायला घेतले. समितीची मुदत पाच वर्षं, निवडणूक मुदतीत, दोन जागा महिलांसाठी. तिथे ते थांबले, कारण आमच्या समितीत तोवर एकही बाई बसलेली नव्हती. सगळ्यांनी पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे पाहिलं.

"मला काय कळतंय त्यातलं," काकू म्हणाल्या.

"काकू, वीस वर्षं भिशी चालवताय, एक रुपया कधी इकडचा तिकडे झाला नाही. तुम्हाला नाही तर कुणाला कळणार?"

काकू बिनविरोध आल्या. पहिल्याच मीटिंगला त्यांनी पंप दुरुस्तीची व्हाउचरं मागितली. तेव्हापासून आमच्याकडे व्हाउचर जोडल्याशिवाय चेकवर सही होत नाही.

दिल्लीत बदललेला मजकूर भांडुपच्या चेकबुकापर्यंत यायला दोनेक वर्षं लागली, पण तो आला. मला आज जे म्हणायचं आहे ते या येण्याबद्दलच आहे. घटना बदलली जाईल का, यावर आपण तावातावाने बोलतो आणि बोलायलाच हवं. पण मंजूर झालेली दुरुस्ती पाळलीच गेली नाही, तर तेवढ्या काळापुरती घटना बदललेलीच असते. तो बदल कुठल्या सभागृहात मतदानाला येत नाही, त्याला क्रमांक पडत नाही, राजपत्रात तो छापला जात नाही. मुंबईने असा एक बदल, महापालिकेत निवडलेलं सभागृहच नसण्याचा, जवळजवळ चार वर्षं अंगावर काढला.

आधी त्या ९७ व्या दुरुस्तीचं पुढे काय झालं ते सांगते. ती सहकारी संस्थांच्या कारभाराबद्दल होती, आणि आमची सोसायटीही सहकारी संस्थाच. पण सहकार हा राज्यांच्या सूचीतला विषय. राज्यांच्या अधिकाराला हात लागत असेल, तर अनुच्छेद ३६८ प्रमाणे संसदेचं विशेष बहुमत पुरत नाही, निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यताही लागते. ती घेतलीच नव्हती. आधी गुजरात उच्च न्यायालयाने आणि मग २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता तो भाग रद्द ठरवला. काकूंची जागा शाबूत राहिली, कारण दरम्यान महाराष्ट्राने आपला स्वतःचा सहकार कायदा बदलून घेतला होता. ती दुरुस्ती मला मनापासून आवडली होती, तरीही निकाल योग्यच वाटला. राज्यांना न विचारता एखादी चांगली गोष्ट होऊ दिली, तर पुढच्या खेपेला वाईट गोष्टीला अडवायचं कोणत्या तोंडाने?

आतापर्यंत १०६ दुरुस्त्या झाल्या असं सांगितलं की लोक दचकतात. अमेरिकेच्या घटनेत सव्वादोनशेहून अधिक वर्षांत २७, आणि आपण पाऊणशे वर्षांत शंभरी ओलांडली. मला या आकड्याची भीती वाटत नाही. लोकसभा आणि विधानसभांतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांची मुदत दर दहा वर्षांनी वाढवायची तर त्यासाठी दुरुस्ती लागते, एखाद्या भाषेचं नाव ओरियाचं ओडिया करायचं तरी दुरुस्ती लागते. आपली घटना तपशिलात शिरणारी आहे, त्यामुळे तपशील बदलले की तिलाही बदलावं लागतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे सरळच मांडलं होतं. ज्यांना घटना पटत नाही त्यांनी दोन तृतीयांश बहुमत मिळवावं, आणि प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या संसदेत तेवढंही जमत नसेल, तर त्यांची नाराजी साऱ्या जनतेची आहे असं मानता येणार नाही. दार उघडं ठेवलं होतं, आणि त्याची उंचीही ठरवून दिली होती.

पहिल्यांदा त्या दारातून आत शिरलेली दुरुस्ती मुंबईच्या एका साप्ताहिकामुळे आली, हे फारसं कुणाला आठवत नाही. रोमेश थापर यांचं 'क्रॉस रोड्स' मुंबईत छापलं जायचं. मद्रास सरकारने आपल्या प्रांतात ते यायला बंदी घातली. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उठवली, कारण सार्वजनिक सुव्यवस्था हे भाषणस्वातंत्र्य आवळण्याचं कारण म्हणून तेव्हाच्या घटनेत नव्हतंच. शिक्षणातल्या राखीव जागा आणि जमीनदारी निर्मूलन यांवरही त्याच सुमारास न्यायालयांचे प्रतिकूल निकाल आले. जून १९५१ मध्ये, म्हणजे घटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक अजून व्हायची होती, तेव्हा हंगामी संसदेने पहिली दुरुस्ती केली. राखीव जागांना आधार देणारं कलम आलं, जमीन सुधारणा कायद्यांना कोर्टापासून वाचवणारं नववं परिशिष्ट आलं, आणि भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याची कारणं वाढली.

पण त्याच दुरुस्तीने त्या निर्बंधांच्या आधी एक शब्द घातला, तो म्हणजे 'वाजवी'. घटनेची सरकारी प्रत उघडली तर हा सगळा मजकूर चौकटी कंसात दिसतो आणि पानाच्या तळाशी बारीक टाइपात टीप असते, अमुक वर्षीच्या अधिनियमाने मूळ मजकुराऐवजी दाखल. मी ती पानं पुन्हा पुन्हा वाचते. निर्बंधांची यादी सरकारला हवी होती, तशी ती झाली. 'वाजवी' हा शब्द मात्र पुढे नागरिकांच्या कामी आला, कारण निर्बंध वाजवी आहे की नाही हे न्यायालय तपासू लागलं. दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून ती सुटली की तिचा उपयोग कोण कसा करील हे त्यालाही सांगता येत नाही.

मग प्रश्न उरतो की दुरुस्तीला शेवट कुठे. याचं उत्तर म्हणून आपण १९७३ च्या केशवानंद भारती खटल्याचं नाव घेतो. मुंबईचे वकील नानी पालखीवाला, ६८ दिवसांची सुनावणी, १३ न्यायमूर्ती आणि सात विरुद्ध सहा असा निकाल. घटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येणार नाही, असं त्यात ठरलं. पण त्या विचाराची ठिणगी नऊ वर्षं आधी पडली होती आणि ती टाकणारा न्यायाधीश मराठी होता, याचा मला अभिमान वाटतो. ऑक्टोबर १९६४ मध्ये, एका घटनादुरुस्तीला आव्हान देणाऱ्या सज्जन सिंग खटल्याचा निकाल लागला. बहुमताचा निकाल सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांचा होता आणि तो संसदेच्या बाजूने होता. त्याच पीठावर न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर होते. दुरुस्ती त्यांनीही टिकवली, पण जाता जाता विचारलं की घटनेच्या एखाद्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल करणं ही दुरुस्ती म्हणायची, की घटनेचा तेवढा भाग नव्याने लिहिणं म्हणायचं? उत्तर त्यांनी दिलं नाही. प्रश्न मात्र निकालपत्रात नोंदवून ठेवला.

केशवानंद खटल्यात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड अल्पमतात होते, त्यांना हा चौकटीचा विचार मान्य नव्हता. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने संसदेच्या दुरुस्ती-अधिकाराला मर्यादाच नाही असं लिहून टाकलं, आणि १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात ते कलम रद्द करणारा बहुमताचा निकाल लिहिला तो याच चंद्रचूडांनी, सरन्यायाधीश म्हणून. मर्यादित अधिकार वापरून तोच अधिकार अमर्याद करता येत नाही, असा त्याचा आशय. मधल्या काळात १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीतली पुष्कळशी मोडतोड भरून काढली. जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही, ही तरतूद तिचीच.

म्हणजे चुकीच्या दुरुस्तीविरुद्ध आपल्याकडे तीन तटबंद्या आहेत: संसदेतलं विशेष बहुमत, काही बाबतींत राज्यांची संमती, आणि न्यायालय. न पाळलेल्या दुरुस्तीविरुद्ध काय आहे?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हा धोका सांगून ठेवला होता. घटनेत प्रशासनाचे इतके तपशील कशाला, असा आक्षेप होता. ते म्हणाले की घटनेच्या रूपाला धक्का न लावता, नुसतं प्रशासनाचं रूप बदलून तिचा विपर्यास करता येतो, तिच्या आत्म्याविरुद्ध कारभार हाकता येतो. माझ्या मते हे त्यांचं सर्वांत कमी वाचलं गेलेलं वाक्य आहे आणि आज मुंबईत ते सर्वांत जास्त वाचायला हवं.

१ जून १९९३ पासून ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिच्या विधेयकासोबतच्या उद्देश आणि कारणांच्या निवेदनातच कारण दिलेलं आहे: निवडणुका वेळेवर होत नाहीत, नगरसंस्था दीर्घकाळ बरखास्त ठेवल्या जातात, त्यामुळे त्या दुबळ्या झाल्या. म्हणून अनुच्छेद २४३-यू आला. महापालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. यात कुठेही 'शक्यतो' नाही. २००६ साली अहमदाबादच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनीही निवडणूक वेळेवर घेणं बंधनकारक असल्याचं सांगितलं.

बृहन्मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मुदत संपल्यावर प्रशासक नेमण्याची सोय १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात नव्हती, म्हणून राज्याने तो कायदा बदलून ती करून घेतली. घटना म्हणते अशी पोकळी निर्माण होऊच द्यायची नाही, आणि राज्याचा कायदा म्हणतो पोकळी झाली तर खुर्चीवर कोण बसेल. या दोन्ही गोष्टी एका कपाटात सुखाने नांदल्या.

त्या काळात पोकळी काय असते ते मी आमच्या बिल्डिंगमध्ये पोळ्या करायला येणाऱ्या बाईंमुळे पाहिलं. त्यांनी खोली बदलली होती आणि आधारवरचा पत्ता बदलायचा होता. भाडेकरार नाही, लाइटबिल मालकाच्या नावावर. अशा वेळी नगरसेवकाच्या सहीशिक्क्याचा दाखला चालतो. त्या संध्याकाळी जुन्या नगरसेवकांकडे गेल्या. त्यांनी चहा दिला, फॉर्म हातात घेतला, आणि परत दिला. "ताई, मी आता माजी. माझ्या सहीला कागदावर किंमत नाही." मग आमदारांच्या ऑफिसात दोन फेऱ्या झाल्या, दोन सकाळी कामावर खाडे पडले. तिसऱ्या खेपेला दाखला मिळाला. एवढीशी गोष्ट. पण शहरातल्या २२७ प्रभागांत ही सही कुणाकडेच नव्हती.

आणि मोठी गोष्ट पैशाची. प्रशासकाच्या काळातले महापालिकेचे अर्थसंकल्प असे: २०२३-२४ चा सुमारे ५२,६१९ कोटी, २०२४-२५ चा सुमारे ५९,९५४ कोटी, २०२५-२६ चा सुमारे ७४,४२७ कोटी रुपये. तीन वर्षांचे मिळून १ लाख ८७ हजार कोटी. एरवी आयुक्त मांडतात, स्थायी समिती तपासते, सभागृह त्यावर बोलतं, भांडतं, मग मंजुरी. इथे मांडणारे आणि मंजूर करणारे एकच. त्या अधिकाऱ्यांच्या सचोटीबद्दल मी एक शब्द बोलत नाही. आमचे सेक्रेटरी काकाही सचोटीचेच आहेत, तरी काकूंनी व्हाउचरं मागितली.

यात भर म्हणून १०१ वी दुरुस्ती, म्हणजे जीएसटी. जुलै २०१७ मध्ये मुलुंडच्या नाक्यावरची जकात बंद झाली, ट्रकांच्या रांगा गेल्या, त्याचा मला आनंदच झाला. पण जकात हे महापालिकेचं स्वतःचं, मोठं उत्पन्न होतं. आता त्याऐवजी राज्याकडून भरपाई येते. एका दुरुस्तीने शहराला स्वराज्य दिलं, दुसरीने त्याच्या तिजोरीची एक किल्ली राज्याकडे गेली. अशा शहरात निवडलेलं सभागृहच नसेल तर राज्याकडे हक्काने मागणार कोण?

निवडणूक लांबण्याला कारणं होती, हे मी नाकारत नाही. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न खरा होता. मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी कसोटी लावली, आयोग नेमावा लागला, माहिती गोळा करावी लागली. आरक्षण सोडून निवडणूक घ्या, असं म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. पण हा निकाल मुदत संपण्याच्या वर्षभर आधी आलेला होता. त्या वर्षात आणि पुढे काय झालं? एका सरकारने प्रभाग २२७ चे २३६ केले. सरकार बदललं, दुसऱ्याने २३६ चे पुन्हा २२७ केले. प्रत्येक फेरीत नवे नकाशे, नव्या हरकती, नव्या याचिका. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, आणि नंतर ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून दिली. दोष एका पक्षाचा असता तर तो मतपेटीतून काढता आला असता. इथे आलटून पालटून सगळ्यांनीच हातभार लावला, आणि मतपेटीच बंद होती.

पक्षांतरबंदीचंही असंच झालं आहे, ते थोडक्यात सांगते. १९८५ ची ५२ वी दुरुस्ती आणि तिची फट बुजवणारी २००३ ची ९१ वी. त्यांतून घडलेलं दहावं परिशिष्ट कागदावर कडक आहे. पण अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी किती दिवसांत द्यायचा हे त्यात लिहिलेलं नाही. महाराष्ट्रात शिवसेनेतल्या जून २०२२ च्या फुटीवर विधानसभा अध्यक्षांचा निर्णय १० जानेवारी २०२४ ला आला, आणि विधानसभेची मुदतच त्या वर्षीच्या नोव्हेंबरात संपली. निर्णय बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवला, तरी दीड वर्ष ते परिशिष्ट टेबलावर पडून होतं. आणि २०२३ च्या १०६ व्या दुरुस्तीत तर विधानसभा आणि लोकसभेतलं महिलांचं आरक्षण पुढच्या जनगणनेला आणि त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेला बांधून टाकलं आहे. तारीख नाही. ७४ व्या दुरुस्तीने महिलांच्या एक तृतीयांश जागा अशा बांधून ठेवल्या नव्हत्या. म्हणून तर महाराष्ट्र २०११ मध्ये पन्नास टक्क्यांपर्यंत जाऊ शकला.

म्हणून माझी मागणी दुरुस्तीचीच आहे. अनुच्छेद २४३-यू मध्ये आज्ञा आहे, पण ती मोडली तर काय, हे नाही. ते लिहायला हवं. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी जे प्रभाग आणि जे आरक्षण अस्तित्वात असेल त्यावर निवडणूक आपोआप जाहीर होईल, नवे बदल त्यापुढच्या निवडणुकीला लागू होतील. प्रभाग आखण्याचं काम राज्य सरकारकडे नको, राज्य निवडणूक आयोगाकडे हवं, कारण खेळणाऱ्याने मैदान आखायचं नसतं. आणि तरीही प्रशासक आलाच तर त्याने पगार, पाणी, कचरा, दवाखाने चालवावेत, नवी मोठी कंत्राटं आणि ठेवी मोडणं त्याच्या कक्षेत असू नये. राज्यांच्या स्वायत्ततेचा संकोच होतो असं कुणी म्हणेल. त्यासाठी निम्म्या राज्यांची संमतीही घ्यावी, ९७ व्या वेळची चूक पुन्हा नको.

हे आजच बोलायला हवं, कारण नव्या सभागृहाची मुदत २०३१ मध्ये संपेल. त्याआधी २०२७ च्या जनगणनेचे आकडे येतील, लोकसंख्या सरकलेली असेल, प्रभागांच्या सीमा पुन्हा आखाव्या लागतील. पुढच्या उशिराचं कारण आत्ताच तयार आहे.

गेल्या रविवारी आम्ही आमच्या नव्या नगरसेवकांना पत्र लिहिलं. महापालिकेच्या सभागृहात असा ठराव आणा आणि तो राज्याकडे व केंद्राकडे पाठवा, एवढीच विनंती. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून काकूंनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा वर केला आणि माझ्याकडून पेन घेतलं. सही करण्याआधी त्यांनी खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: उत्तर तीस दिवसांत मिळावे.